दुसरी किल्ली

मॉडेमने नेहमीसारखं किंचाळून घेतलं, मेल उतरली, आणि मी चहाचा कप हातात धरून ती दोनदा वाचली. लिहिणाऱ्या बाईंचं नाव हंसा. बंगळूरच्या एका गटाच्या त्या. शाळांना, पतपेढ्यांना, ग्रामपंचायतींना उपयोगी पडतील असे खुले प्रोग्रॅम, म्हणजे ज्यांचा कोड कुणीही वाचावा आणि कुणीही बदलावा असे, ही मंडळी एका सीडीवर घालून गावोगाव फुकट वाटायची. माझा ‘विहीरवही’ त्यांनी तपासला होता. बाईंच्या इंग्रजीचा मथितार्थ असा, की प्रोग्रॅम चांगला आहे, पण बदलांच्या नोंदवहीत अकराशे चाळीस नोंदी आहेत आणि त्या सगळ्यांपुढे एकच नाव आहे. एकट्या माणसाचं काम आम्ही सीडीवर घेत नाही. उद्या तुम्हाला काही झालं, किंवा नुसता कंटाळा आला, तर गावांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मेअखेरपर्यंत निदान पाच माणसं, एकाच साच्यातली नव्हेत, हे काम खरोखर चालवताना दिसली तर आनंदाने घेऊ. खाली ‘आपली हंसा’. मला कंटाळा येईल असं या बाईला वाटलंच कसं, हे माझ्या डोक्यात पहिलं आलं. मग चहा गार झाल्याचं लक्षात आलं.

दोन हजार चारचा नोव्हेंबर चालू होता. बँकेने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा मी चाळिशीत होते आणि कॉम्प्युटर विभागात साहेब म्हणवून घेण्याइतकी वर चढले होते. मी ती घेतली आणि वसई पूर्वेच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसले. हे रोज सकाळी कामाला जात, मुलगी पुण्याला शिकायला होती, घरात मी आणि कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर मी तीन वर्षं एकच गोष्ट केली होती. अकराशे चाळीस नोंदींची ती नोंदवही मी पुन्हा उघडून खालपासून वर वाचत गेले. प्रेमलता, प्रेमलता, प्रेमलता. बँकेत असताना लेजरवर खाडाखोड झाली की अधिकाऱ्याने बाजूला आद्याक्षरी करायची, तरच ती खाडाखोड खरी. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खाडाखोडींवर माझी आद्याक्षरी केली होती. बोटांना ती सवयच लागली होती आणि मला तिचा अभिमान होता. आता मात्र स्वतःचंच नाव इतक्या वेळा वाचून मी मध्येच थांबले. आपण एकट्याने एवढं केलं, ही गोष्ट इतके दिवस मी ज्याला त्याला सांगत होते. तीच एका अनोळखी बाईने उचलून दोष म्हणून माझ्यासमोर ठेवली होती.

वही सुरू झाली ती टँकरमुळे. त्या वर्षी सोसायटीची मी सेक्रेटरी. पाणी दिवसाआड, मग तेही नाही. फोन करून टँकर बोलवायचं काम माझं. एकदा पाइप टाकीत सोडून ड्रायव्हर जिन्यात बसला असताना मी त्याला सहज विचारलं, की पाणी कुठलं. तो कौतुकाने म्हणाला, “भुईगावचं, मॅडम. एकदम गोडं.” मी ते पाणी प्यायले. खरंच गोडं होतं. त्या संध्याकाळी भात छान शिजला आणि मी तो ताटात तसाच ठेवला. आम्ही पितोय ते पाणी कुणाच्या तरी केळीचं आहे, पानवेलीचं आहे, आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे हे कळायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. गोडं पाणी उपसलं की खारं पाणी आत सरकतं. किती सरकलं, कुठे सरकलं, हे सांगायला मात्र कुणाकडे कागद नव्हता. मी बँकेतली बाई. कागद नसेल तर गोष्ट घडलीच नाही असं समजणाऱ्या जगात माझं आयुष्य गेलं होतं. म्हणून विहीरवही. प्रत्येक विहिरीचं पाणी दर आठवड्याला किती आणि चवीला कसं, एवढं भरायचं; प्रोग्रॅम त्याचा आलेख काढतो. भुईगावच्या सहा विहिरी, तिथे पाणी पायऱ्यांवर मोजत, पापडीच्या पाच, तीन वर्षं. मी मेले तर हे सगळं माझ्याबरोबर जाणार, असं हंसाबाई मला सांगत होत्या, आणि खोटं सांगत नव्हत्या.

मग मी चिडून त्यांना खोडून काढायला निघाले. कोण म्हणतं दुसरं कुणी नाही? संग्राम नव्हता का? इथल्याच एव्हरशाईन सिटीत राहणारा, मूळचा मालवणकडचा मुलगा, अंधेरीला कुठल्याशा कंपनीत प्रोग्रॅमर. त्याने आलेख छापण्याची सोय करून पाठवली होती. मी जुन्या मेल उपसल्या. त्याचा कोड मला आवडला होता, पण त्याची मांडणी गबाळी वाटली म्हणून मी तो सगळा माझ्या हाताने पुन्हा लिहून काढला होता आणि नोंदीत अर्थातच माझं नाव गेलं होतं. त्यावर त्याची एका ओळीची मेल होती, “ओके मॅडम, नो प्रॉब्लेम.” त्यानंतर त्याची एकही मेल नव्हती. त्याखाली रोझलिनची. भुईगावची ही मुलगी कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि गावच्या सहा विहिरींचे आकडे तीच भरायची. मार्चमध्ये तिने तीसेक ओळींचा बदल पाठवला होता. भुईगावच्या विहिरींसाठी आलेला आकडा विहिरीच्या एकूण पायऱ्यांतून वजा करायचा, एवढाच तो बदल होता. त्याला मी दिलेलं उत्तर वाचताना माझे कान तापले. मी लिहिलं होतं, “ही वजाबाकी कशासाठी ते कळले नाही. आकडे भरणाऱ्याने नीट भरावेत. प्रोग्रॅम प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे वाकवता येणार नाही.” शुद्ध, स्वच्छ, साहेबी मराठी. रोझलिनने आकडे भरणं थांबवलं नव्हतं, दर रविवारी ते येत होते, पण त्यांच्याबरोबर एक शब्दही येत नव्हता. आठ महिने एक मुलगी मला फक्त आकडे पाठवत होती आणि मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं.

भुईगावच्या आलेखात एक गंमत होतीच. मे महिन्यात तिथल्या विहिरींचं पाणी चढायचं आणि ऑगस्टमध्ये उतरायचं. शहाण्या माणसाने यावर फोन उचलून विचारलं असतं. मी सिद्धान्त मांडला. भरतीच्या दाबाने किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात पाणी वर ढकललं जातं, असं दोन पानी टाचणच मी लिहून तीन ठिकाणी पाठवून दिलं होतं. कुणी उत्तर दिलं नव्हतं, त्या तिघांचे उपकार. आता रोझलिनची ती वजाबाकी समोर ठेवून मी मेचा आकडा घेतला, पायऱ्यांतून वजा केला, आणि आलेख उलटा होऊन सरळ झाला. तरी मला पटेना. माझी चूक मला कागदावर कधीच पटत नाही. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि भुईगावात उतरले.

वाडीतली वाट इतकी अरुंद की दोन्ही खांद्यांना केळीची पानं लागत होती. रोझलिन घरी नव्हती, क्लासवर शिकवायला गेली होती. तिची आई लिडियाबाई विहिरीकडेच निघाल्या होत्या, मीही मागोमाग गेले. विहीर चांगली ऐसपैस, एका बाजूने पायऱ्या उतरणारी. लिडियाबाईंनी लुगड्याचा काचा नीट केला, वरून एकेक पायरी बोटाने दाखवत खाली मोजत आल्या आणि पाण्याशी थांबल्या. “आज सहा,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, “सहा म्हणजे काय?” बाई माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या लांबून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या बाईला काय झालंय, असं त्यांच्या तोंडावर होतं. “सहा पायऱ्या. सुक्या.” “पण पाणी किती, ते मोजायचंय ना?” “पाण्याखालच्या पायऱ्या मोजायला आत कोण उतरेल, बाई? दिसतात त्याच मोजायच्या. माझी सासू अशीच मोजायची. मे महिन्यात बारा-तेरा सुक्या होतात तेव्हा आम्ही म्हणतो, आता जपून.” मी काठावर बसले. आमच्या सोसायटीच्या टाकीला बाहेरून एक काचेची नळी होती, तिच्यात वॉचमन बघायचा, किती उरलंय. मी आयुष्यभर उरलेलं मोजणाऱ्यांत राहिले. इथे गेलेलं मोजत होते, कारण गेलेलं तेवढंच डोळ्यांना दिसत होतं. आणि मी त्यांना, ज्यांचं पाणी मी प्यायले त्यांनाच, आकडे नीट भरा म्हणून दम दिला होता. लाज वाटली. पुरती, तळपायापर्यंत. आणि लाजेच्याच जोडीला हसूही फुटलं, कारण मला माझा भरतीचा सिद्धान्त आठवला. लिडियाबाईंनी मला घरी नेऊन पाणी दिलं आणि बशीत वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवली. मी दोन खाल्ली तोवर रोझलिन आली.

“तुझं बरोबर होतं,” मी म्हणाले. दुसरं काही आधी बोलायला जमेना. ती सँडल काढता काढता म्हणाली, “माहीत आहे, आंटी.” उद्धटपणा नव्हता त्यात, नुसतीच माहिती होती. मी म्हटलं, तुझा बदल आजच घालते, तुझ्या नावाने. ती समोरच्या खुर्चीत बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, “तुम्ही घालणार म्हणजे पुन्हा तुम्हीच घालणार. नाव टाकून मला खूश करू नका. मला प्रोग्रॅमचा पासवर्ड द्या. मी घालीन.” माझ्या तोंडून ‘नाही’ निघालंच होतं. तीन वर्षं तो पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला, ह्यांनासुद्धा, माहीत नव्हता. कुणीही येऊन काहीही करील, ही भीती मी सावधपणाच्या नावाखाली पाळली होती. लिडियाबाई आतून मुलीला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, मला शब्द कळले नाहीत, सूर कळला, ‘पाहुणीशी असं बोलतात का’ असा. रोझलिन माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, “तुम्ही नाही म्हटल्यावरही आईने आठ महिने रोज पायऱ्या मोजल्यात, आंटी. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधीसुद्धा. तुमच्या आलेखात ती वेडी ठरते.”

त्या क्षणी मला बँकेची स्ट्राँगरूम आठवली, आणि आठवल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. मॅनेजर कितीही मोठा असो, एकट्याने दार उघडत नाही. यात कुणाचा अपमान नाही, कुणावर अविश्वास नाही. उलट त्यामुळेच माणूस घरी जाऊन निवांत झोपतो. मी स्वतः नऊ वर्षं दुसरी किल्ली सांभाळली होती, आणि स्वतःचं काही उभं करायची वेळ आली तेव्हा एकाच किल्लीचं दार केलं होतं. मी रोझलिनच्या वहीच्या मागच्या पानावर पासवर्ड लिहून दिला आणि नियम सांगितला, तिथेच सुचलेला. यापुढे कुणाचाही बदल दुसऱ्याच्या होकाराशिवाय आत जाणार नाही. “तुमचासुद्धा?” तिने विचारलं. “माझासुद्धा,” मी म्हणाले, आणि परतीच्या रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं की मी चालकाला नको तितकी माहिती दिली.

संग्रामलाही मी मेल लिहिली, माफीची, लांबलचक. त्याचं उत्तर, “अरे मॅडम, टेन्शन नहीं, पण खरं सांगू, तेव्हा जाम लागलं होतं.” त्याच्या छपाईच्या सोयीपुढे त्याचं नाव आलं आणि तो दर शनिवारी भुईगावात यायला लागला. आम्ही लिडियाबाईंच्या ओटीवर बसायचो. पापडीचे कृष्णाकाका तिथे आले ते भांडायला. साठी ओलांडलेले, पानवेलीची वाडी, पाच विहिरींचं पाणी ते काठी घालून फुटांत मोजायचे, म्हणून त्यांचे आकडे माझ्या तावडीतून सुटले होते. त्यांचं भांडण चवीवरून होतं. प्रोग्रॅममध्ये मी चवीला दोनच पर्याय ठेवले होते, गोडे किंवा खारे. “असं पाणी असतं का?” काका म्हणाले. “आधी नुसतं जड लागतं. मग मचूळ. खारं म्हणजे सगळं संपल्यावर. आणि तुमच्या जिभेला कळायच्या आधी पानवेलीला कळतं, पानाची कड करपते. ते लिहायची जागा कुठाय तुमच्यात?” जागा नव्हती. आम्ही केली. चवीच्या पायऱ्या चार, आणि एक नवा रकाना, पहिलं कुठलं झाड कोमेजलं. वही चालवणाऱ्यांच्या यादीत काकांचं नाव घालायची वेळ आली तेव्हा संग्राम अडला. “मॅडम, रिस्पेक्ट आहे, पण एक लाइन कोड नाही त्यांचा. कॉन्ट्रिब्युटर कसे?” आधीची मी असते तर त्याची बाजू घेतली असती. रोझलिनने त्याला एवढंच विचारलं, “त्यांनी सांगितलं नसतं तर तू ती लाइन कशाची लिहिणार होतास?” संग्रामने मान खाजवली, काकांकडे पाहिलं, आणि स्वतःच ते नाव टाइप केलं. काकांनी स्क्रीनवर आपलं नाव बघितलं आणि विचारलं, की हे बंगळूरलापण दिसणार का. दिसणार म्हटल्यावर त्यांनी ते रोझलिनकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

त्यानंतर माणसं येत गेली, आणि मी ती थांबवली नाहीत, एवढंच माझं कर्तृत्व. आशालता म्हणून वेंगुर्ल्याच्या एक शिक्षिका, त्यांच्या शाळेची मुलं दोरीला गाठी मारून विहीर मोजत. गुजरातेतल्या जाफराबादचा एक मीठवाला, त्याला आमच्या उलट खारं पाणी किती घट्ट झालं ते मोजायचं होतं. त्याने आमचाच प्रोग्रॅम उलटा करून वापरला आणि तो बदल परत पाठवला. गाठी, फूट, सुक्या पायऱ्या, सगळ्यांना जागा झाली. मोजायची ज्याची त्याची पद्धत, रूपांतर प्रोग्रॅमने करायचं, असं रोझलिनने पहिल्या पानावर लिहिलं. मी एकदा लिहिलं होतं, प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे वाकवता येणार नाही; तोच प्रोग्रॅम आता बघावं तर रोज वाकत होता आणि कुठे मोडत नव्हता. एप्रिलअखेर यादीत चौदा नावं झाली. सकाळी मेल उघडताना मला मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीसारखं होई. मी नसताना, मी भाजी आणायला गेले असताना, मी दुपारची आडवी झाले असताना वही वाढत होती. याचा मला हेवा वाटेल असं मला वाटलं होतं. तो पहिले चार दिवस वाटला, खोटं कशाला बोला.

मेमध्ये, सीडीसाठी पाठवायच्या आठवड्यात, मला एक सुंदर कल्पना सुचली. आलेखात अधूनमधून एखादा वेडावाकडा आकडा यायचा, गोडं गोडं चाललंय आणि मध्येच एक आठवडा मचूळ, पुन्हा गोडं. रेघ त्या जागी टोचायची. मी शेजारच्या आठवड्यांची सरासरी घेऊन ती रेघ मऊ करणारा बदल लिहिला. दोन दिवस खपले. बावीस वर्षांच्या नोकरीत केलं नसेल इतकं नीटस काम झालं होतं. नियमाप्रमाणे मी तो सगळ्यांना पाठवला आणि होकार येणारच म्हणून दुपारी मस्त पुरणपोळ्या केल्या. चारला मेल आली, चौदाही जणांना. “आंटींचा बदल परत पाठवत आहे. कारण: भुईगावच्या तीन नंबर विहिरीत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकदाच मचूळ नोंद आहे. आई म्हणते ती चूक नाही, अमावास्येच्या उधाणानंतर तिने चाखून लिहिली आहे. खारं पाणी पहिल्यांदा आत येतं ते असंच, एक आठवडा येतं आणि परत जातं. सरासरीत तो आठवडा पुसला जाईल. विहीरवही त्याच आठवड्यासाठी आहे. रोझलिन.” खाली कृष्णाकाकांच्या वतीने संग्रामने लिहिलं होतं, “काका बोलतात, बरोबर आहे तिचं. पानवेलीने पण तोच आठवडा दाखवला होता.”

आधी कान तापले. कितीही म्हटलं तरी बावीस वर्षं साहेब होते मी, आणि चौदा जणांसमोर. मी उठले, गॅस बंद होता तरी बंद आहे का ते बघून आले. मग परत येऊन ते पत्र वाचलं, आणि शेवटच्या वाक्याशी थांबले. विहीरवही त्याच आठवड्यासाठी आहे. हे मला माहीत होतं. टँकरच्या त्या दिवसापासून माहीत होतं, आणि सुंदर रेघेच्या नादात मी ते विसरले होते. मी विसरले तरी ते वहीला आठवत होतं, कारण वही आता माझ्या एकटीच्या डोक्यात नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खूप वर्षांत इतका आनंद झाला नव्हता, लग्नात नाही, प्रमोशनला नाही. मी मॉडेम बंद केला आणि नुसती बसून राहिले.

मॉडेम बंद होता म्हणूनच फोन वाजू शकला. हंसाबाई होत्या. त्या मुलुंडला वाढल्या होत्या, गुजराती वळणाचं छान मराठी बोलायच्या. तपासणी संपत आली आहे म्हणाल्या, एक शेवटची शंका होती. “तुमचे आलेख जरा खडबडीत आहेत, प्रेमलताबेन. तुमच्यासारख्या अनुभवी बाईला सरासरीचं सुचलं नाही का?”

“सुचलं,” मी म्हणाले. “लिहूनही पाठवलं होतं. नामंजूर झालं.”

“तुमचं? कोणी केलं?”

“रोझलिनने. भुईगावची आहे. का केलं ते तिलाच विचारा, माझ्यापेक्षा ती नीट सांगेल. नंबर देते.”

“नको,” हंसाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातलं हसू मला स्पष्ट ऐकू आलं. “मला बाकीचं काही बघायचं नाही. घेतली तुमची वही.”

मी फोन ठेवला आणि लगेच परत उचलून भुईगावचा नंबर फिरवला. फोन लिडियाबाईंनी घेतला. रोझलिन क्लासवर गेली होती. मग मी ती बातमी आधी त्यांनाच सांगितली.